ज्या वासावर ब्राखा नाही

आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, आम्ही ज्यू छातीवर मूठ मारत पापांची लांबलचक यादी म्हणतो. तीत चोरी आहे, चहाडी आहे, खोटी शपथ आहे. मी दरवर्षी माझं पाप त्या यादीत शोधतो आणि ते कुठेच नीट बसत नाही. फार छोटं आहे ते. एका माणसानं मला विचारलं, "तुला वास येतोय काय?" आणि मी म्हणालो, "नाही काका."

वास येत होता.

ज्यांना मी हे म्हणालो त्यांना इस्रायलमधल्या अरादच्या आमच्या गॅरेजात सगळे फोरमन म्हणत. मुंबईच्या बस डेपोत ते खरोखरच फोरमन होते. इथं आल्यावर ते नुसते मिस्त्री झाले, पण नाव बोटीतून त्यांच्याबरोबर उतरलं ते कायमचंच. इथं जन्मलेली पोरं पाठीमागे त्यांना 'हा-आफ' म्हणत. हिब्रूत आफ म्हणजे नाक. फोरमनना ते ठाऊक होतं. स्वतःच्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवत ते मला म्हणाले होते, "बरं झालं, नाकावर थांबले. पोटापर्यंत नाय आले."

नाकच तसं होतं. मोठं नव्हे, साधंच होतं, पण त्याचं चालणं वेगळं होतं. बाकीची माणसं आधी बघतात. फोरमन खोलीत शिरले की क्षणभर डोळे मिटत, मग आत येत.

त्यांच्याकडे सहा पांढरे रुमाल होते. मावशी, म्हणजे त्यांची बायको, ते दर आठवड्याला खळ घालून इस्त्री करून देत. गाडीचं काम संपलं, इंजिन सुरू झालं, की फोरमन एका रुमालाची चौघडी घालून तो सायलेंसरच्या नळीमागे दोन वीत अंतरावर धरत. तोंडानं हळू साठपर्यंत आकडे मोजत. मराठीतच. मग रुमाल घेऊन बाहेर रस्त्यावर जात, गॅरेजकडे पाठ करून उभे राहत आणि वास घेत. काम चांगलं झालं असलं तर रुमाल परत खिशात. नसलं तर आत येऊन तो गाडीच्या टपावर टाकत आणि म्हणत, "याच्यावर ब्राखा नाय."

हे वाचणाऱ्या सगळ्यांना आमचे रिवाज माहीत नसतील, म्हणून सांगतो. ब्राखा म्हणजे देवाचे आभार मानायचे दोन शब्द. पाव खाताना वेगळे, फळ खाताना वेगळे. आणि सुवासासाठीही आहेत. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, संपतो तेव्हा लवंग-वेलचीची डबी हातोहात फिरते. प्रत्येक जण ब्राखा म्हणून वास घेतो आणि नव्या आठवड्यात पाऊल टाकतो. आमच्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, नवसाच्या मलिद्याच्या ताटातही गोड पोह्यांबरोबर, फळांबरोबर सब्जाची काडी असते, तिचा वास घ्यायचा, तिच्यावरही ब्राखा. फोरमनचं म्हणणं साधं होतं. देवानं वासासाठी आभार ठेवलेत. ज्या वासासाठी आभार मानता येत नाहीत तो वास करून गावात सोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि गाव कुठलं, तर अराद. त्या दिवसांत साऱ्या देशातून दम्याची माणसं तिथं राहायला येत. वाळवंटाची कोरडी, स्वच्छ हवा म्हणून डॉक्टरच त्यांना पाठवत. फोरमन मालकाला सुनवायचे, "लोक इथं हवा खायला येतात. आपण ती शिळी करून वाढायची काय?"

मालक रुमानियातून आलेला, चांगला माणूस, पण त्याच्या पोटात कायम जळजळ. तो म्हणे, "तुझा रुमाल माझी गिऱ्हाइकं पळवतोय." एकदा तर एका लॉरीवाल्याला फोरमननी, "तोंड न धुता गावात आलास" म्हणून वेशीबाहेरूनच वळसा घालून जायला लावलं होतं. तो लॉरीवाला शिव्या देत गेला आणि आठवड्यानं इंजेक्टर साफ करून घ्यायला आमच्याकडेच आला. मालकानं त्या दिवशी फोरमनना कॉफी पाजली. फोरमननी वास घेतला आणि म्हणाले, "कालची हाय."

फोरमन आणि मी, दोघेही दिमोनाचे. रोज सकाळच्या बसनं अरादला जायचो, तासाभरात पोहोचायचो. मी दहा वर्षांचा असताना आईबापांबरोबर अलिबागकडून मुंबई, मुंबईहून इथं आलो. लष्करातून सुटल्यावर फोरमननी मला गॅरेजात लावलं. त्या बसमध्ये त्यांनी मला वास शिकवला. डोळे मिटायला लावायचे. "आता काय?" "मेंढ्या." "त्या गेल्या. आता?" "डिझेल." "कुणाचं? आपल्या बसचं का पुढच्या लॉरीचं?" मला सांगता येत नसे. ते सांगत, आणि वळणावर पुढं लॉरी दिसे. एक दिवस त्यांनी ड्रायव्हरला जाऊन सांगितलं की तुझा क्लच जळतोय. ड्रायव्हर म्हणाला, "सावलानूत, बाबा, सबुरीनं घे, जागेवर बस." पुढच्या चढावर बस बसली, आणि आम्ही सारे रस्त्यावर उभे. फोरमन माझ्याजवळ आले. मला हळूच म्हणाले, "तुला आला होता काय?"

"थोडासा," मी म्हणालो.

त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली. तेव्हापासून ते मालकाला सांगायचे, "माझ्यानंतर ह्याचं नाक." हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं त्याच्यावर उभं आहे.

लाल गाडी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आली. अमेरिकेहून अरादला राहायला आलेल्या एका माणसानं ती बोटीतून बरोबर आणली होती. दोन दारं, आठ सिलिंडर, लांबलचक नाक. सगळं गॅरेज काम टाकून बाहेर आलं. तो अमेरिकन अराद का निवडून आला, तर त्याच्या बायकोला दमा. ती बाई गाडीत शांत बसून राहायची, हातात श्वासाचा पंप.

त्या गाडीच्या पोटाखाली सायलेंसरच्या आधी एक डबा होता, तोपर्यंत आम्ही कुणी न पाहिलेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनाचा विषारी धूर त्यातून जाताना बराचसा निर्विष होतो. पण त्या डब्याला शिसं चालत नाही, आणि तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक पंपावरच्या पेट्रोलमध्ये शिसं. महिनाभरात तो डबा मेला असता. गाड्या आणणारे सरळ तो काढून भंगारात टाकत आणि जागी साधी नळी बसवत. गाडी चार घोडे जास्त जोरात पळते, तेवढाच फायदा.

फोरमननीही तो काढला. पण काढल्यावर त्याच्या तोंडात बॅटरीचा प्रकाश टाकून मला बोलावलं. "बघ. पोळं हाय, मधमाश्यांचं." आत खरंच बारीक बारीक चौकोनी घरं होती, हजारो, आणि पलीकडचा उजेड प्रत्येक घरातून वेगळा दिसत होता. ते किती तरी वेळ बघत राहिले. "हे ज्यानं केलं," ते म्हणाले, "त्याला सकाळी उठून वास घ्यायची सवय असणार."

मग त्यांनी ते पोळं मावशींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं, वर गाडीच्या मालकाचं नाव लिहिलं आणि मागच्या फळीवर ठेवलं. अमेरिकन हसला. "कशासाठी?"

"पेट्रोल सुधारेल तेव्हा परत लावू."

"इथलं पेट्रोल?"

"माणसं सुधारतात कधी कधी. पेट्रोल काय मोठं!"

पुढं त्या फळीवर आणखी दोन-तीन गाठोडी आली. मालक त्यांना फोरमनची अंडी म्हणे. "उबवतोयस का?" असं विचारी. फोरमननी तर नवस केला होता. शिसं नसलेलं पेट्रोल आलं की मलिदा करीन. मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये (आमची म्हातारी माणसं अजून मशीदच म्हणतात), लोक मुलाच्या नोकरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी मलिद्याचा नवस बोलतात. पेट्रोलसाठी नवस बोलणारा हा एकच माणूस. लोक हसले. मीही हसलो.

सहा-सात वर्षं फोरमन त्या फळीवरची धूळ स्वतः झटकत राहिले. आणि दशक सरता सरता ते पेट्रोल खरंच आलं. आधी मोठ्या शहरांत, मग आमच्या जवळच्या बेर-शेव्याच्या एका पंपावर. फोरमननी त्याच आठवड्यात अमेरिकनला निरोप धाडला. टाकी, नळ्या सगळं धुऊन काढलं, गाठोडं सोडलं, पोळं जागेवर बसवलं. रुमाल धरला. साठ मोजले. बाहेर जाऊन उभे राहिले ते बराच वेळ आलेच नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. डोळे मिटून हसत होते.

"कसला वास?" मी विचारलं.

"थोडा कुजक्या अंड्याचा," ते म्हणाले, "पण डोळ्याला पाणी नाय. ब्राखा नाय म्हणता येणार अजून. पण शिवी पण नाय."

मलिदा गॅरेजातच झाला. बॉनेटवर चादर घालून ताट ठेवलं. रुमानियन मालकानं गोड पोहे तीनदा घेतले. अमेरिकनच्या बायकोनं सब्जाची काडी नाकाशी धरून दीर्घ श्वास घेतला, आणि तो मध्ये अडकला नाही. फोरमन तिच्याकडे बघत होते. मला वाटतं, तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस असावा.

दोन महिन्यांनी अमेरिकन एकटाच मला भेटायला आला. गाडी मंदावली, म्हणाला. चढावर पूर्वीसारखी उचलत नाही. पोळं आतून काढून टाक, डबा तसाच ठेव, म्हणजे म्हाताऱ्याला कळणार नाही.

मी म्हणालो, "फोरमनला विचारावं लागेल."

"तू किती वर्षांचा आहेस?"

"तेहतीस."

"आणि बाथरूमला जाताना पण त्यालाच विचारतोस?"

हे मला लागलं. त्याच आठवड्यात फोरमननी माझं एक वेल्डिंग सगळ्यांसमोर कापून पुन्हा करायला लावलं होतं. पण खरं कारण तेही नव्हे. मी लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. अमेरिकन म्हणाला, "काम झालं की गाडी तू चालव. खाली मृत समुद्रापर्यंत आणि परत." मी सात वर्षं त्या गाडीखाली झोपत होतो आणि एकदाही तिच्या चाकामागे बसलो नव्हतो.

शुक्रवारी शब्बाथसाठी गॅरेज लवकर बंद होतं. फोरमन दुपारच्या बसनं गेले. जाताना म्हणाले, "येत नाय काय?" मी म्हणालो, थोडं आवरायचं आहे. ते गेल्यावर मी डबा वरच्या बाजूनं कापला, जिथं खालून दिसणार नाही. लोखंडी पहार आत घातली. पोळं फार ठिसूळ असतं. चार ठोक्यांत खळकन आवाज करत त्याचे तुकडे बादलीत पडले. मग मी वेल्डिंग केलं. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वेल्डिंग. तेवढं फोरमननी पाहिलं असतं तर पाठीवर थाप मारली असती.

गाडी चालवली. मृत समुद्राकडे उतरणारी ती सगळी वळणं. वीस-पंचवीस मिनिटं मी राजा होतो. परत येताना चढावर मागच्या आरशात पाहिलं तर निळसर धुराची रेघ दिसली आणि मी आरसा वळवून ठेवला.

पुढच्या महिन्यात अमेरिकनची बायको स्वतः गाडी घेऊन गॅरेजात आली. एकटीच, लाजत लाजत. म्हणाली, हल्ली गाडीजवळ उभी राहिले की छाती आवळते. घराच्या अंगणात गाडी सुरू केली तरी. नवरा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. तुम्ही एकदा बघाल का?

फोरमननी रुमाल काढला. साठ मोजले. रस्त्यावर गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. दुसरा रुमाल काढला, पुन्हा साठ मोजले. मग खाली झोपून डबा पाहिला. डबा जागेवर. पेट्रोलची पावती पाहिली. पेट्रोल बरोबर. ते बाहेर आले, माझ्यासमोर रुमाल धरला आणि विचारलं, "तुला वास येतोय काय?"

त्यांच्या हातात तेव्हा हातोडी होती. त्या डब्यावर एक हलका ठोका मारला असता तर तो रिकाम्या घागरीसारखा वाजला असता. त्यांनी मारला नाही. त्यांना माझ्या नाकावर विश्वास होता.

मी म्हणालो, "नाही काका."

"नीट घे."

मी नीट घेतला. कच्च्या पेट्रोलचा, जळका, डोळ्यांत उतरणारा वास. आमच्या बसच्या पुढच्या लॉरीपेक्षा वाईट.

"काही नाही, काका. तुमच्या नाकाला झालंय काहीतरी. वय होतं माणसाचं."

शेवटचं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

ते माझ्याकडे बघत राहिले, संशयानं नव्हे. आपल्याला घराचा पत्ता आठवत नाही हे माणसाला पहिल्यांदा कळतं तसे. मग बाईकडे वळून मोडक्या हिब्रूत म्हणाले, "माफ करा. मला येतोय, पण माझं आता खरं धरू नका." बाई श्वासाचा पंप मुठीत धरून गेली. एका 'नाही'त मी दोन माणसांना खोटं पाडलं होतं, आणि दोघंही खरी होती.

त्या शनिवारी संध्याकाळी मशिदीत मसाल्याची डबी फिरत फिरत फोरमनकडे आली. ते नेहमी ती सगळ्यांपेक्षा जास्त वेळ धरत, मागची माणसं हसत, "फोरमन, आम्हाला पण थोडा ठेवा!" त्या दिवशी त्यांनी ती उघडलीच नाही. पुढं दिली.

"का हो?" कुणीतरी विचारलं.

"ज्याला वास कळत नाय त्यानं ब्राखा म्हटली तर ती फुकट जाते. देवाचं नाव फुकट घेऊ नये."

रुमाल धरणं थांबलं. वर्ष संपायच्या आत त्यांनी काम सोडलं. निरोपाला मालक रडला. मला त्यांनी सहाही रुमाल दिले, घडी घातलेले. "माझ्यानंतर तुझं नाक," म्हणाले.

गाडीचं म्हणाल तर गाडी मी नीट केली. फळीवर एक गाठोडं उरलं होतं, त्याचा मालक अमेरिकेला कायमचा परत गेला होता. त्याला लिहून विचारलं, त्यानं कळवलं, घ्या. ते पोळं मापाला जुळवून मी लाल गाडीला बसवायचं ठरवलं. अमेरिकन म्हणाला, "पुन्हा मंदावेल." मी म्हणालो, "मंदावेल. तुमच्या बायकोला चालेल का ते तिला विचारा. नाहीतर मीच तिला विचारतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढच्या वर्षी ती बाई त्याच लाल गाडीत खिडकी उघडी ठेवून गॅरेजसमोरून गेली, हात हलवला. मला वाटलं होतं, यानं फिटेल. फिटलं नाही. दुरुस्त फक्त गाडी झाली होती.

आज गॅरेज मी बघतो. यंत्र आहे, नळीत सळी घातली की कागदावर आकडे येतात. तरी मी रुमाल धरतो. इथली पोरं आता मला हा-आफ म्हणतात. कुणी पोळं काढून मागितलं तर मी काढून देत नाही. असे लोक अजून येतात, तरुण, मोठ्या इंजिनाच्या गाड्या घेऊन. मी त्यांना गॅरेजच्या दारात उभं करतो आणि समोरच्या इमारतीतल्या गॅलऱ्यांत हवा खात बसलेली दम्याची माणसं दाखवतो. काही जण ऐकतात. पूर्वीपेक्षा जास्त ऐकतात, हे खरं आहे.

फोरमन आहेत. ऐंशी ओलांडली. दिमोनात तिसऱ्या मजल्यावर मावशींबरोबर राहतात, गॅलरीत सब्जाच्या कुंड्या आहेत. मी गेलो की एक पान खुडून, बोटांत चुरून माझ्यापुढे धरतात. "घे, तू घे. मला काय त्याचं." मी घेतो. सतरा वर्षं घेतोय.

गेल्या आठवड्यात गेलो होतो. आम्ही गॅलरीत बसलो होतो, मावशी आत फोनवर नातीशी बोलत होत्या, त्या मराठीत आणि नात हिब्रूत. बोलता बोलता फोरमन थांबले. डोळे मिटले. "अगं, कांदा लागला," ते ओरडले. मावशी धावल्या. कांदा जेमतेम तांबूस झाला होता. मला त्याचा काहीच वास आला नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?" मावशींनी आतून विचारलं.

"अंदाज केला," ते म्हणाले, आणि अपराध्यासारखे कुंडीकडे बघू लागले.

मी घरी आलो आणि टेबलाच्या खणातला गोळ्यांचा जुना डबा काढला. त्यात पोळ्याचा एक तुकडा आहे, त्या शुक्रवारी बादलीतून उचललेला. उजेडासमोर धरला तर अजून प्रत्येक घरातून वेगळा उजेड दिसतो. हा तुकडा मी येत्या शनिवारी, मसाल्याची डबी फिरायच्या आधी, त्यांच्या हातात ठेवणार आहे.

त्यांचं नाक कधीच गेलं नव्हतं. एक 'हो काका, येतोय' मी त्यांना अजून देणं लागतो.